गच्चीवरचे बारा आठवडे : पाळीतली कंबर आणि व्यायाम

१ जून २०२५, रविवार

सदाशिव पेठेतल्या काकूंच्या घरात दुसऱ्या मजल्यावर आठ मुली कॉट बेसिसवर राहतात. सगळ्या स्पर्धा परीक्षेच्या. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेसचा डबा, रात्री दहाला परत. काकूंनी आज चहाला बोलावलं आणि चहा ओतायच्या आधीच मला वर नेलं. एक मुलगी पोटाशी पाय घेऊन पडली होती. कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी, चेहरा पांढरा.

"दर महिन्याला दोन दिवस हिची ही अवस्था होते. परवा टेस्ट सिरीजचा पेपर बुडाला. तू एवढ्या लोकांच्या कंबरा बघतेस, हिला काहीतरी सांग ना गं."

मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे हात आपोआप मणक्याकडे गेला. तिला वाकवून पाहिलं, वळवून पाहिलं, पाय सरळ उचलायला लावला. कुठे अडत नव्हतं, मणक्यावर दाबलं तरी दुखत नव्हतं. कंबर दुखत होती, पण दुखण्याचं मूळ कंबरेत नव्हतं.

खाली आल्यावर काकूंना म्हटलं, एकीलाच नको, आठही जणींना विचारू. विचारलं. सहा जणींची कंबर पाळीत धरते. दोघींना पोटात थोडं दुखतं, बाकी काही नाही, पण सगळ्या येणार म्हणून त्याही तयार झाल्या.

नावं इथे लिहिणार नाही. अभ्यासिकेत त्या एकमेकींना जिल्ह्याच्या नाहीतर गावाच्या नावानं हाक मारतात, तेच इथेही चालवते : लातूर, परभणी, हिंगोली, जालना, वाशीम, नंदुरबार, सांगोला, चंदगड. आज पलंगावर होती ती हिंगोली.

५ जून

आराखडा ठरला. बारा आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, पहाटे सहा ते पावणेसात, काकूंची गच्ची.

हे वेळापत्रक मनानं ठरवलेलं नाही. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र वाचून निष्कर्ष मांडणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१९ मध्ये पाळीतलं दुखणं आणि व्यायाम यांवर आढावा काढला. त्यात १२ चाचण्या आणि ८५४ स्त्रिया होत्या. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, दर वेळी साधारण ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केला, तर दुखणं १०० मिलिमीटरच्या रेघेवर सुमारे २५ मिलिमीटर उतरू शकतं, असं त्यातून निघालं. व्यायाम जोराचा होता की हलका, यानं फारसा फरक पडला नाही. पुरावा कमी दर्जाचा आहे, हेही त्यांनी स्वच्छ लिहिलंय. त्या स्त्रियांना गर्भाशयाचा दुसरा काही आजार नव्हता. हे शेवटचं वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलं.

मोजमाप त्याच पद्धतीनं करायचं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला 'काहीच नाही', उजव्या टोकाला 'सहनच होत नाही'. पाळीच्या प्रत्येक दिवशी रात्री झोपताना रेघेवर एक फुली मारायची. कंबरेची रेघ वेगळी, ओटीपोटाची वेगळी. मागे तीन जागा सोडल्यात : गोळी घेतली का, किती वाजता, अभ्यासिकेत गेलीस का.

९ जून, सोमवार

पहिला दिवस. आठांपैकी सात आल्या, सांगोला झोपून राहिली. गच्चीवर सतरंज्या, टाकीच्या बाजूला शेवाळ. काकूंनी झाडू घेऊन स्वतः साफ केलं.

आज फक्त पाहिलं. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, कंबर जमिनीला चिकटवायची आणि सोडायची. एवढी साधी गोष्ट सातपैकी चौघींना जमेना. पोट आत ओढायला सांगितलं की श्वासच धरून ठेवतात. पुढे एक गुडघा जमिनीला टेकवून दुसरं पाऊल समोर रोवायला लावलं, तर मांडीच्या मुळाशी एवढी ओढ बसली की वाशीम ओरडलीच. दिवसाचे दहा-अकरा तास खुर्चीत बसून जांघेपुढचे स्नायू आखडलेत. त्यांच्यामुळे पाळीत दुखतं असं मी म्हणणार नाही. पण आधीच ताठलेल्या कंबरेवर पाळीच्या कळा आल्या की त्या दुप्पट जाणवतात, हे मी क्लिनिकमध्ये रोज बघते.

१३ जून

आजपासून बसवलेला क्रम : गच्चीला भरभर फेऱ्या वीस मिनिटं, घाम यावा पण बोलता यावं इतपत वेगानं. मग कंबर टेकवणं-सोडणं, मार्जारासन, सेतुबंधासन, जांघेचा ताण, बालासन. शेवटी पाच मिनिटं शवासन. सूर्यनमस्कार हवेत म्हणून जालना हट्ट धरून बसली होती. तिला येतात ते चांगले. फेऱ्यांऐवजी तिनं ते घालावेत असं ठरलं.

१६ जून

लातूरची पाळी आली. ती आलीच नाही. खाली निरोप पाठवला, "ताईंना सांगा, आज अडचण आहे."

मी वर गेले. आज व्यायाम करू नकोस, पण गच्चीवर येऊन बस, म्हटलं. ती आली. मग बाकीच्यांनाही बसवलं आणि पंचवीस मिनिटं फक्त बोलले. खरं तर हे पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

पाळी सुरू व्हायच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम उतरतं आणि गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागतं. त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, इतका की काही क्षण त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा तुटतो. रक्त न मिळालेला स्नायू दुखतो. हाताची मूठ घट्ट आवळून दंडाला पट्टा बांधला तर जसं होईल तसं. पहिल्या दोन दिवसांत ही द्रव्यं सर्वांत जास्त असतात, म्हणून दुखणंही तेव्हाच जास्त, आणि तिसऱ्या दिवशी बाई माणसात येते.

"पण मग कंबर का?" परभणीनं विचारलं.

गर्भाशयाकडून निघालेल्या वेदनेच्या नसा पाठीच्या कण्यात शिरतात ते छातीच्या शेवटच्या आणि कंबरेच्या पहिल्या मणक्यांच्या पातळीवर. पाठीच्या खालच्या भागाची आणि मांडीच्या वरच्या भागाची कातडी, स्नायू यांच्या नसाही तिथेच जवळपास येतात. मेंदूला एकाच दारातून दोन घरांचे निरोप मिळतात. कुठल्या घरचा निरोप ते त्याला नीट कळत नाही, म्हणून तो कंबर दुखतेय असं सांगतो. हृदयविकारात डावा हात दुखतो, तशातलाच हा प्रकार.

लातूर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझा मणका खराब नाहीये?" दोन वर्षं ती याच भीतीत होती. कोणीतरी तिला एक्स-रे काढायला लावला होता, पट्टाही दिला होता. पट्टा ती ट्रंकेत ठेवून फिरते.

२० जून, शुक्रवार

आज सुट्टी. दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, पेठांतले रस्ते बंद. संध्याकाळी मुलींबरोबर लक्ष्मी रस्त्यावर उभी होते. शेजारी फूटपाथवर टेकलेल्या चाळिशीच्या वारकरी बाईंना काकूंनी पाणी दिलं. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, तेही पायी. मला राहवलं नाही, विचारलं, वाटेत पाळी आली तर?

त्या सहज म्हणाल्या, "येती की. चालत ऱ्हायलं की कंबर धरत न्हाई. मुक्कामाला टेकलं की धरती."

यानं काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण माझ्या आठ जणी ते तोंड उघडून ऐकत होत्या. मी सांगते तेव्हा एवढं लक्ष नसतं.

२३ जून

नंदुरबारनं हळूच विचारलं, घरी लग्न आहे, पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का. आठांपैकी पाच जणींनी ती कधी ना कधी घेतलीय, मेडिकलमधून तशीच, डॉक्टरांना न विचारता. मी तिला रागावले नाही. पण हे संप्रेरक आहे. डोकेदुखीचा, रक्ताच्या गुठळीचा किंवा यकृताचा त्रास असेल तर ते धोक्याचं, आणि गोळी थांबवली की दोन-चार दिवसांत पाळी येतेच, एवढं सांगितलं. डॉक्टरांकडे जाऊन ये, मग ठरव. तिच्या नोंदीत या महिन्यापुढे खूण केली, तो महिना धरायचा नाही.

२७ जून

पाऊस. गच्ची ओली, म्हणून जिन्यानं चढउतार. तिसऱ्या फेरीला सांगोला भिंतीला टेकली. छाती धडधडतेय, डोळ्यांपुढे काळं. नखं बघितली, पापणीची आतली बाजू बघितली, अगदी फिकट. पहिल्या दिवशी ती झोपून राहिली तेव्हा मी मनात तिला आळशी ठरवून मोकळी झाले होते. आज वाईट वाटलं.

दुपारी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाला १२ च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना तो होता. आकडा वाचलेला असतो, पण तो असा जिन्यात टेकलेला दिसला की वेगळाच वाटतो.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. सांगोलाचं फेऱ्या-जिने सगळं बंद. ती फक्त ताणाचे आणि श्वासाचे प्रकार करेल. रक्तच कमी असलेल्या मुलीला पळवून तिची पाळी सुधारणार नाही.

२ जुलै

पाळीच्या दिवशी काय करायचं हा प्रश्न मी आजवर टाळत होते, तो काकूंनी सोडवला.

काकूंचं लग्न झालं तेव्हापासून त्या मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत जात होत्या. संस्था १९७५ ची. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार आणि त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांच्या पद्धतीत पाळीच्या दिवसांसाठी वेगळीच आसनं. शीर्षासन-सर्वांगासन अशी उलटी आसनं त्या दिवसांत नाहीत. सगळं आधार घेऊन, पोट मोकळं ठेवून, श्रम न करता. काकूंनी दिवाणावरचे दोन लोड आणले, पाट आणला, माझीच ओढणी कंबरेभोवती आणि पावलांना गुंडाळून पट्ट्यासारखी बांधली आणि मला सुप्त बद्धकोणासनात निजवलं. पाठीखाली लोड, डोक्याखाली घडी केलेलं पांघरूण, दोन्ही गुडघ्यांखाली उशा. तळवे जुळलेले, गुडघे बाजूला.

दहा मिनिटं पडून राहिले. ओटीपोटातला ताण सुटत जातो तो कळतो. पंधरा वर्षं लोकांना व्यायाम शिकवते, पण इतकं निगुतीनं मला कोणी निजवलं नव्हतं.

परभणीची पाळी परवा सुरू झाली होती. तिनं आज ते केलं, मग लोडावर छाती टेकून बालासन. संध्याकाळी सांगितलं, दुखणं गेलं नाही, पण 'अंगावर घेता आलं'. हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते.

४ जुलै

नियम पक्का झाला. पाळीच्या पहिल्या दोन दिवशी फेऱ्या आणि जोर नाही. वाटलं तर सावकाश दहा मिनिटं चालणं आणि काकूंचे लोड. खरा व्यायाम बाकीच्या पंचवीस दिवसांत. मुलींना हे पटायला सर्वांत अवघड जातंय. दुखलं की औषध, तशी दुखलं की आसनं, अशी सवय आहे. जालना तर म्हणाली, "मग आज दुखत नाही तर कशाला करायचं?" त्याचसाठी, म्हटलं.

११ जुलै

वाशीमची कंबर बघताना कातडीवर तपकिरी जाळी दिसली. भाजल्याचा डाग नाही, दुखत नाही, पण जाळीच. गरम पाण्याची पिशवी कपड्याविना तासन्‌तास, महिनोन्‌महिने लावली की असं होतं. लवकर लक्षात आलं तर बहुधा फिकट होत जातं, पण तसंच चालू ठेवलं तर ते कायमचं राहू शकतं.

शेक मात्र सोडायला सांगणार नाही. शेकानं खरंच बरं वाटतं. २००१ च्या एका चाचणीत पोटावर बांधायची, सुमारे ३९ अंश उष्णतेची पट्टी बारा-बारा तास लावली, तर आराम आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीचा मिळाला होता. मुद्दा ३९ अंशांचा आहे. उकळतं पाणी भरायचं नाही, पिशवीला पंचा गुंडाळायचा, झोप लागायच्या आत बाजूला ठेवायची. काकूंनी सगळ्यांसाठी जुन्या नऊवारीचे गलेफ शिवून दिले.

गोळ्यांचंही आजच बोलून घेतलं. मेफेनॅमिक आम्ल असलेली गोळी जवळपास सगळ्या घेतात. ही गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवते, म्हणून दुखणं टिपेला गेल्यावर घेतली की तिचा उपयोग कमी. सुरुवातीलाच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. लातूर दोन-दोन एकदम घेत होती, तेही उपाशीपोटी. २०२३ च्या अखेरीस औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी इंडियन फार्माकोपिया कमिशननं याच औषधाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती : क्वचित कोणाला ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. तसं दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. व्यायाम हा गोळीच्या विरुद्ध पक्ष नाही. ज्या दिवशी गोळी लागेल त्या दिवशी ती घ्यावी.

१८ जुलै

उपस्थिती घसरली. टेस्ट सिरीज. तिघीच आल्या. जबरदस्ती नाही केली, त्याऐवजी अभ्यासिकेत दर तासाला उठून बाटली भरून आणायची, असं ठरवलं. तर कळलं की मुली पाणीच पीत नाहीत. अभ्यासिकेत साठ जणांत एक स्वच्छतागृह, तेही कुलपात. किल्ली मागायला लाज वाटते. पॅड बदलायलाही त्या घरापर्यंत चालत येतात. मी अभ्यासिकेच्या मालकांशी बोलले. किल्ली आता दाराशी खिळ्याला अडकवलेली असते.

२७ जुलै, रविवार

पहिल्यांदाच पर्वती. टिळक रस्त्यानं सारसबाग, मित्रमंडळ चौक, पायथा, मग १०३ पायऱ्या. सांगोला खाली बाकावर थांबली. तिचं हिमोग्लोबिन वाढायला अजून वेळ आहे. वर वारा, खाली सगळं पुणं धुक्यात. चंदगडनं उतरताना पायऱ्या मोजल्या आणि तिच्या १०५ भरल्या. त्यावरून सारसबागेपर्यंत वाद.

२९ जुलै

दुसऱ्या पाळीचे पुठ्ठे बहुतेक जमले. पट्टी घेऊन बसले. सर्वांत वाईट दिवसाची कंबरेची फुली धरते. लातूर पहिल्यांदा ७१ मिलिमीटर, आता ५५. परभणी ६४ वरून ४८. जालना ५८ वरून ५६, म्हणजे काहीच नाही. हिंगोली ८८ वरून ८६.

हिंगोलीला संध्याकाळी बोलावून विचारलं, शुक्रवारी आली नाहीस, मागच्या आठवड्यात दोनदा आली नाहीस, नियमित केलंस तर फरक पडेल. ती "हो ताई" म्हणून गेली.

१ ऑगस्ट

हिंगोली आली. सगळ्यांच्या पुढे उभी राहून सगळं केलं. सेतुबंधासनात चेहरा वाकडा झाला, मी विचारलं, तर "काही नाही" म्हणाली. पाळी होऊन आठ दिवस झालेत.

रात्री हे आठवून झोप लागेना. पाळी संपून आठ दिवसांनी कंबर टेकवून उचलताना का दुखावं?

२ ऑगस्ट

क्लिनिक बंद करून सरळ तिच्याकडे गेले. बाकीच्या अभ्यासिकेत होत्या. जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते आज विचारलं. दुखणं पाळीच्या दिवशीच सुरू होतं का? नाही, चार-पाच दिवस आधीपासून. शौचाला जाताना? त्या दिवसांत आतून सुऱ्या मारल्यासारखं. दर वर्षी तेवढंच आहे का? नाही, अकरावीत एवढं नव्हतं, वाढत गेलंय. मधल्या दिवसांत? कधी कधी, उजव्या बाजूला, पाठीपर्यंत. गोळीनं? पूर्वी थांबायचं, आता नाही.

एकेका उत्तराबरोबर माझी वही जड होत गेली. साध्या पाळीच्या दुखण्याचं हे वर्णन नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळं गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, आतड्यावर रुजतात त्या आजारात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, असं दुखतं. जगात प्रजननवयातल्या साधारण दहातल्या एकीला तो असतो, आणि ओळखला जायला बहुतेकींची वर्षानुवर्षं जातात, कारण प्रत्येक जण सांगतो, पाळीत दुखायचंच. मी तरी वेगळं काय सांगितलं होतं? नियमित कर, म्हटलं होतं. माझ्याच वहीत अधोरेखित केलेलं वाक्य होतं, की ते २५ मिलिमीटर दुसरा आजार नसलेल्या स्त्रियांचे. आणि रेघ हलत नव्हती, तेव्हा मी आजार शोधायच्या आधी हजेरी तपासली.

तिची माफी मागितली. ती रडली. आधी एका दवाखान्यात "लग्न झालं की थांबेल" म्हणून परत पाठवलं होतं, म्हणून तिनं माझ्यापाशीही जास्त सांगितलं नाही.

६ ऑगस्ट

बाकीच्या सातही जणींना हेच प्रश्न एकेकीला एकटीला बसवून विचारले. कोणाचंही उत्तर तसं नाही. हे प्रश्न आता पहिल्याच पानावर चिकटवलेत.

१३ ऑगस्ट

हिंगोलीची स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पहिली भेट, मी बरोबर गेले. सोनोग्राफी जवळजवळ सरळ आली. हिचा चेहरा पडला, जणू दुखणं खोटं ठरलं. बाईंनी लगेच सांगितलं की सुरुवातीचा किंवा खोलवरचा एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीत दिसतोच असं नाही. मग त्यांनी दोन महिन्यांचे पुठ्ठे मागून घेतले, टेबलावर क्रमानं मांडले आणि शांतपणे वाचले. कुठल्या दिवशी गोळी, किती वाजता, किती मिलिमीटर. "असं लिहून आणणारी पेशंट क्वचित भेटते," म्हणाल्या. तिसऱ्या पाळीची नोंद घेऊन पुन्हा या, घरच्या कोणाला घेऊन या, मग संप्रेरकांचे उपचार ठरवू, एमआरआय लागेल का तेही बघू.

हिंगोली येताना बसमध्ये पुठ्ठे छातीशी धरून बसली होती.

२० ऑगस्ट

हिंगोलीनं येणं थांबवलेलं नाही. फक्त तिचा क्रम बदलला : चालणं, श्वास, काकूंचे लोड, आणि जिथे दुखेल तिथे थांबणं. व्यायामानं तिचा आजार जाणार नाही, हे तिला आणि मला दोघींना माहीत आहे. "सकाळी वर आलं की दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो," म्हणाली. तेवढ्यासाठी तरी यावं.

२५ ऑगस्ट

तिसऱ्या पाळीचे पुठ्ठे, गावी जायच्या आधी ज्यांचे आले त्यांचे. लातूर ४४. परभणी ३०. जालना ३९, म्हणजे तिच्यात फरक पडायला पूर्ण अडीच महिने लागले. वाशीम ६२ वरून ४७. सांगोलाचं हिमोग्लोबिन १०.१, तिला आता जिना चढून बोलता येतं. नंदुरबारनं गोळी घेतल्यामुळे तिच्या दोनच पाळ्या हिशेबात, त्यांवरून काही म्हणता येत नाही. चंदगडला मुळात फार दुखत नव्हतंच. हिंगोली ९०.

याला मी अभ्यास म्हणणार नाही. आठ मुली, तुलनेला दुसरा गट नाही, त्यातच गोळ्या वेळेवर घ्यायला लागल्या, पाणी प्यायला लागल्या, दर दोन दिवसांनी कोणीतरी आपुलकीनं विचारायला लागलं. कशानं किती उतरलं ते वेगळं काढता यायचं नाही. पण लातूर या पाळीत पहिल्या दिवशी दुपारी अभ्यासिकेत जाऊन बसली. तिच्या पुठ्ठ्याच्या मागे तिसऱ्या जागेत पहिल्यांदा 'हो' लिहिलंय. आणि ट्रंकेतला पट्टा तिनं काकूंकडे देऊन टाकला.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या बसल्या. मुली गावी. संध्याकाळी हिंगोलीचा फोन, आईला दिला.

आई आधी तेच बोलल्या जे मला अपेक्षित होतं. बायकांच्या जातीला हे असतंच, मलाही व्हायचं, परीक्षा झाली की लग्न करून टाकू. मी मध्ये बोलले नाही. मग विचारलं, तुम्हाला कसं व्हायचं?

बराच वेळ मागे आरतीची भांडी वाजत होती. मग म्हणाल्या, "शेतात खाली बसता यायचं नाही. परसाकडे जायची भीती वाटायची. चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली माझी. कशासाठी काढली ते कोणी सांगितलं नाही."

आई किंवा बहिणीला असेल तर मुलीला हा आजार असण्याची शक्यता वाढते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या मुलीची पिशवी काढायला कोणी सांगत नाहीये, तिच्यावर वेगळे उपचार आहेत, हेही सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?"

५ सप्टेंबर

बारा आठवडे भरले. सोमवारपासून गच्चीची किल्ली परभणीकडे. व्यायाम ती घेणार, मी फक्त शुक्रवारी जाणार. खालच्या गल्लीतल्या दुसऱ्या मुली विचारून गेल्यात. त्यांच्यासाठी काकू पुठ्ठे कापतायत, प्रश्नांचं पान सर्वांत वर.

८ सप्टेंबर

हिंगोलीची आई सकाळी स्वारगेटला उतरल्या. रात्रभर बसमध्ये. काकूंनी पोहे केले. त्यांची कंबर प्रवासानं धरली होती, म्हणून काकूंनी लोड काढले. मायलेकी शेजारी-शेजारी निजल्या, दोघींच्या पायांना एकेक ओढणी. भेट साडेअकराची आहे. तिन्ही महिन्यांचे पुठ्ठे पिशवीत घातलेत, आणि आईंना एक कोरा कागद दिलाय, त्यांना आठवेल तसं त्यांचं स्वतःचं लिहायला.